स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी, अश्वगंधा की लायन्स मेन? अर्कांच्या बाटल्यांची तुलना

स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या अर्कांचे बाजारात सध्या दोन ठळक गट दिसतात. पहिला गट आपल्या ओळखीच्या वनस्पतींचा, म्हणजे ब्राह्मी, मंडूकपर्णी, शंखपुष्पी आणि अश्वगंधा यांचा. परदेशातून आलेला गिंको वृक्षही त्यातच मोडतो. दुसरा गट मशरूमच्या अर्कांचा. त्यात लायन्स मेनचे नाव सर्वांत पुढे आहे आणि रेशी व कॉर्डिसेप्स त्याच्या जोडीने विकली जातात. ब्राह्मीच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात. मशरूमच्या कॅप्सूल बहुतेक वेळा ऑनलाइन मागवाव्या लागतात आणि त्यांची बाटली ब्राह्मीच्या चार ते सहा पट महाग पडते. हे जादा पैसे मोजावेत की नाही, असे ओळखीतले बरेच जण मला विचारतात, कारण यांतले मुख्य अर्क मी एकामागून एक, मध्ये पुरेसा खंड ठेवून, स्वतः घेतले आहेत आणि त्यांच्यावरचे प्रयोगही वाचले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकते. माणसांवरचे प्रयोग ज्या मात्रेत आणि ज्या स्वरूपात झाले, तीच मात्रा आणि तेच स्वरूप आपल्या हातातल्या बाटलीत आहे का, एवढा एकच प्रश्न नेटाने विचारला तर निम्म्याहून अधिक बाटल्या बाजूला पडतात. आणि उरलेल्यांत ब्राह्मीचा प्रमाणित, म्हणजे मुख्य घटकाचे प्रमाण मोजून ठरवलेला, अर्क इतरांच्या बराच पुढे राहतो.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. सलग काही तास मजकुरावर नजर ठेवायची आणि तिसऱ्या पानावर एखादे नाव कसे लिहिले होते ते ऐंशीव्या पानावर आठवायचे, असे हे काम असल्यामुळे एकाग्रता उणावली की ती लगेच कळते. अर्क घेण्याच्या काळात मी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवले. पहिल्या वाचनात सुटलेल्या आणि दुसऱ्या वाचनात सापडलेल्या चुका वाढतात की घटतात, हे एक. आणि नवा अभंग पाठ करून तो आठवड्याने न पाहता म्हणता येतो का, हे दुसरे. हा शास्त्रीय प्रयोग नव्हे. आपण काय घेत आहोत हे ठाऊक असताना मन आपल्या बाजूने कौल देतेच. म्हणून माझ्या अनुभवाला या लेखात प्रयोगांच्या खालचे स्थान आहे.

ब्राह्मीपासून सुरुवात करणे योग्य, कारण या यादीत तिच्याइतका सलग आणि सुसंगत अभ्यास दुसऱ्या कशाचाच झालेला नाही. येथे ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी ही पाणथळ जागी पसरणारी वनस्पती. तिच्यातील बॅकोसाइड्स या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने अनेक वर्षे काम केले आणि तिथे विकसित झालेला प्रमाणित अर्क पुढे सीडीआरआय-०८ या नावाने परदेशातही गेला. ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगात रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे देण्यात आला. पाचव्या आठवड्यातल्या चाचणीत प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा काही वेगळे दिसले नाही. बाराव्या आठवड्यात मात्र माहिती ग्रहण करण्याचा वेग आणि शिकलेले पक्के होणे यांत फरक आढळला. त्याच सुमारास एकच मात्रा देऊन दोन तासांनी चाचणी घेतली, तेव्हा कोणताही परिणाम दिसला नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना ब्राह्मी देणाऱ्या पालकांनी हे दोन्ही निकाल नीट लक्षात घ्यावेत, असे मला कळकळीने वाटते.

२००२ साली ४० ते ६५ वयोगटातील ७६ जणांवर तीन महिने चाललेला दुसरा ऑस्ट्रेलियन प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्यात शिकण्याचा वेग वाढलेला दिसला नाही, पण नव्याने शिकलेली माहिती विसरण्याचे प्रमाण घटले. ‘बुद्धी तल्लख होते’ या सरसकट दाव्यापेक्षा हा निष्कर्ष कितीतरी नेमका आहे. ज्येष्ठांवरील अमेरिकी प्रयोग, भारतातील ६० वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम देऊन सहा आठवडे केलेली पाहणी आणि २०१४ साली नऊ प्रयोगांतील ५१८ जणांची आकडेवारी एकत्र करून केलेले विश्लेषण, या सर्वांचा रोख साधारण एकाच दिशेने आहे, जरी नेमकी कोणती क्षमता सुधारते याबद्दल त्यांच्यात पूर्ण एकवाक्यता नाही. त्या एकत्रित विश्लेषणात लक्ष देण्याच्या वेगावरचा परिणाम अधिक स्पष्ट होता. परिणामाचे आकारमान मोठे नाही. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वयाच्या माणसांवर तो पुन्हा पुन्हा दिसतो आणि मला त्यातच त्याचे मोल वाटते.

माझा अनुभव याच्याशी बऱ्याच अंशी जुळला. पहिला महिना काही जाणवले नाही. उलट रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळायचे आणि शौचाला पातळ व्हायचे. हा त्रास प्रयोगांतही नोंदलेला आहे आणि जेवणानंतर गोळी घेऊ लागल्यावर तो थांबला. दुसरा महिना सरल्यावर पाठ केलेले अभंग आठवड्याने अधिक सहज म्हणता येऊ लागले, विशेषतः कडव्यांचा क्रम चुकणे कमी झाले. पाठ करायला लागणारा वेळ मात्र होता तेवढाच राहिला. मुद्रितशोधनातल्या सुटलेल्या चुकांत मला ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही.

ब्राह्मी विकत घेताना पहिली अडचण येते ती वनस्पतीच्या ओळखीची. पुण्यात रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात मी ब्राह्मी मागितली, तेव्हा काकांनी डब्यातून वाळलेली गोल, कातरलेल्या कडांची, लांब देठांची पाने काढून तराजूत टाकली. ती मंडूकपर्णी होती, म्हणजे सेंटेला एशियाटिका. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. मी म्हटले, “काका, ही गोल पानाची आहे. मला नीर ब्राह्मी हवी, लहान जाड पानांची.” ते शांतपणे म्हणाले, “ताई, ब्राह्मी म्हणून सगळे हीच नेतात. ती दुसरी मागवावी लागेल.” त्यांचे म्हणणे खरे होते. महाराष्ट्रात आणि उत्तरेत ब्राह्मी या नावाखाली मंडूकपर्णी सर्रास विकली जाते आणि केसांच्या तेलातही पुष्कळदा तीच पडते. केरळात मात्र ब्राह्मी म्हटले की बॅकोपाच समजतात. बॅकोपाची पाने नखाएवढी, मांसल, देठाशिवाय समोरासमोर चिकटलेली असतात, फूल पांढरट जांभळे असते आणि चव घशात उतरेपर्यंत कडू लागते. मंडूकपर्णीही मेध्य, म्हणजे बुद्धी आणि स्मरण वाढवणारी, मानली गेलेली वनस्पती आहे. चरकसंहितेत मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार नावे येतात. तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण ३०० मिलिग्रॅमचे जे प्रयोग वर सांगितले ते तिच्यावर झालेले नाहीत. त्यामुळे त्या प्रयोगांचा भरवसा तिच्या चूर्णाला लावता येत नाही. बाटलीवर ‘बॅकोपा मोनिएरी’ हे नाव स्वच्छ छापलेले असावे, हा माझा पहिला आग्रह.

दुसरा आग्रह मोजमापाचा. ‘५०० मिलिग्रॅम ब्राह्मी’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते नुसते चूर्ण आहे की अर्क, हे आधी पाहावे, कारण वाळवलेल्या वनस्पतीत बॅकोसाइड्सचे प्रमाण अगदी थोडे असते आणि प्रयोगांत वापरलेला ३०० मिलिग्रॅमचा अर्क चूर्णाच्या कित्येक पट मात्रेतून तयार झालेला असतो. अर्कावर पुढे ‘बॅकोसाइड्स ५० टक्के’ किंवा तत्सम आकडा असतो. तो अतिनील प्रकाशाच्या जुन्या पद्धतीने मोजला असेल तर फुगलेला येतो, कारण त्या पद्धतीत बॅकोसाइड्सबरोबर इतर काही घटकही मोजले जातात; तोच अर्क एचपीएलसी या, घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या, पद्धतीने मोजला तर आकडा बराच कमी भरतो. म्हणून २० टक्के एचपीएलसीने मोजलेला अर्क ५० टक्क्यांच्या दुसऱ्या अर्कापेक्षा सरस असू शकतो. मोजणीची पद्धत विचारल्यावर जी कंपनी ईमेलने त्या विशिष्ट बॅचचा तपासणी अहवाल पाठवते, तिच्याकडून खरेदी करावी. एका कंपनीने मला उत्तरादाखल जाहिरातीचे पत्रक पाठवले. तिची बाटली मी पुन्हा घेतली नाही.

त्या अहवालात जड धातूंची ओळ अवश्य पाहावी. बॅकोपा पाणथळ मातीतले धातू इतक्या सहज शोषून घेते की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग होईल का, यावर संशोधन झालेले आहे. जी वनस्पती नाल्याच्या काठावर वाढून शिसे आणि कॅडमियम गोळा करू शकते, ती कुठे वाढवली हे न विचारता रोज तीन महिने पोटात घेणे शहाणपणाचे नाही. मशरूमनाही हाच नियम लागू होतो.

अश्वगंधेचा विचार वेगळा करावा लागतो. स्मरणशक्तीवर तिचा सरळ परिणाम होतो असे दाखवणारा प्रयोग आहे: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्या ५० जणांना मुळांचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, आठ आठवडे देण्यात आला आणि स्मरणाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. पण तिच्याबद्दलचा अधिक भक्कम पुरावा ताण आणि झोप यांविषयीचा आहे. २०१२ सालच्या ६४ जणांवरील प्रयोगात तितकीच मात्रा ६० दिवस घेतल्यावर ताणाची जाणीव आणि रक्तातील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक, दोन्ही लक्षणीय घटले होते. मला स्वतःला अश्वगंधेने झोप गाढ लागू लागली आणि सकाळच्या सत्रातले वाचन सुधारले. अभंग लक्षात राहण्यात मात्र काही फरक पडला नाही. ज्याची एकाग्रता अपुऱ्या झोपेमुळे किंवा काळजीमुळे ढळते त्याला अश्वगंधा अधिक उपयोगी पडेल, आणि झोप चांगली असूनही वाचलेले टिकत नाही त्याने ब्राह्मीकडे वळावे, असे मी सांगेन.

अश्वगंधेच्या अर्कांतही फरक आहेत. केएसएम-६६ हा केवळ मुळांपासून केलेला अर्क असून त्यात विथेनोलाइड्स हे अश्वगंधेचे मुख्य घटक किमान ५ टक्के असतात. सेन्सोरिल हा दुसरा अर्क पाने आणि मुळे दोन्हींपासून बनतो आणि त्यात हे प्रमाण १० टक्के असते. परंपरेने मूळच वापरले जाते आणि आयुष मंत्रालयानेही २०२१ साली उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना केली होती. यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधेवर बंदी आणली. अशा घटना घेणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने विरळ आहेत, तरी डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, भूक गेली, अंगाला खाज सुटली तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

शंखपुष्पीचे सरबत आपल्याकडे शाळेच्या वयातल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या पाजले जाते आणि तिच्याविषयी लोकांना मनापासून आपुलकी आहे. ‘मेध्या विशेषेण’ असा तिचा गौरव चरकांनी केलेला आहे. परंतु या नावाखालीही कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि क्वचित गोकर्ण अशा निरनिराळ्या वनस्पती येतात, सरबतात साखर भरपूर असते आणि ब्राह्मीच्या तोडीचे मानवी प्रयोग तिच्या बाजूने उभे नाहीत. त्याहून गंभीर एक गोष्ट मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. अपस्माराच्या दोन रुग्णांचे झटके फेनिटॉइन या औषधाने आटोक्यात आले होते. शंखपुष्पीचे तयार औषध सुरू केल्यावर ते पुन्हा येऊ लागले. त्यानंतर उंदरांवर केलेल्या तपासणीत शंखपुष्पीमुळे रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटते असे आढळले. ज्या घरात फिट्सचे औषध चालू आहे, त्या घरात हे सरबत वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकते आणि प्रत्येक वेळी मला ही नोंद आठवते.

गिंकोवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३,०६९ जणांना १२० मिलिग्रॅम अर्क किंवा प्लासिबो दिवसातून दोनदा देऊन सुमारे सहा वर्षे पाहिले गेले. २००८ साली निकाल आला, तो असा की स्मृतिभ्रंश टाळण्यास गिंकोची मदत झाली नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर तो घेतल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. आमच्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीसाठी कोणीतरी प्रेमाने आणलेली गिंकोची बाटली याच कारणास्तव आम्ही उघडली नाही.

आता लायन्स मेनकडे वळू. हेरिसियम एरिनेसियस हे त्याचे शास्त्रीय नाव. लाकडावर वाढणारे हे मशरूम पांढऱ्या, खाली लोंबणाऱ्या दाट दशांचे असते आणि चीन व जपानमध्ये ते आधी खाद्य म्हणून ओळखले जाते. जपानी लोक त्याला यामाबुशिताके म्हणतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोकाझु कावागिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या फळातून, म्हणजे आपण खातो त्या मशरूममधून, हेरिसिनोन्स आणि मायसेलियममधून एरिनासिन्स हे घटक वेगळे केले. मायसेलियम म्हणजे मशरूम उगवण्यापूर्वी पसरणारे बुरशीचे धाग्यांचे जाळे. प्रयोगशाळेतील पेशींत हे घटक नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या प्रथिनाची निर्मिती वाढवतात असे दिसले. चेतापेशींच्या वाढीला आवश्यक असलेल्या याच प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ सालचे नोबेल मिळाले होते. जाहिरातींत ‘नवे न्यूरॉन’ वगैरे जे लिहिलेले असते, त्याचे मूळ इथे आहे. पेशींतले हे निरीक्षण खरोखरच लक्ष वेधणारे आहे. तथापि ते माणसाच्या स्मरणशक्तीचा पुरावा म्हणून पुढे करणे योग्य नाही.

माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात सौम्य विस्मरण असलेल्या ५० ते ८० वयाच्या ३० जणांचा समावेश होता. एका गटाला रोज ३ ग्रॅम मशरूमचे चूर्ण १६ आठवडे देण्यात आले आणि आठव्या, बाराव्या व सोळाव्या आठवड्यांत चाचणीतले त्यांचे गुण प्लासिबो गटापेक्षा वाढलेले दिसले. चूर्ण बंद केल्यानंतर चार आठवड्यांनी ते गुण पुन्हा लक्षणीय घसरले. ही शेवटची गोष्ट जाहिरातींत कधीच नसते आणि ग्राहकाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची, कारण परिणाम टिकवायचा तर खर्चही कायमचा. तरुणांच्या बाबतीत चित्र अधिक फिकट आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली १८ ते ४५ वयाच्या ४१ जणांवर १.८ ग्रॅम मात्रेचा प्रयोग झाला. एका मात्रेनंतर तासाभराने एका चाचणीतला वेग वाढला, २८ दिवसांनंतर ताण कमी झाल्याचा कल दिसला, पण बाकीच्या बहुतेक चाचण्यांत फरक आढळला नाही. तैवानमध्ये सौम्य अल्झायमर्सच्या एका छोट्या गटावर एरिनासिन ए भरपूर असलेल्या मायसेलियमचा ४९ आठवड्यांचा प्रयोग झाला आहे आणि त्यात दैनंदिन कामे स्वतः करण्याच्या क्षमतेत प्लासिबोपेक्षा चांगला निकाल मिळाला. या वाटेवर पुढे काही हाती लागू शकेल असे मला मनापासून वाटते. अल्झायमर्सने ग्रासलेल्या घरांना अशा संशोधनाची केवढी आस असते हे मी जवळून पाहिले आहे.

खरी अडचण प्रयोग आणि बाटली यांच्यातल्या अंतराची आहे. जपानी प्रयोगातली मात्रा रोज ३ ग्रॅम चूर्णाची होती. बाजारात ५०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल असलेल्या बाटल्या सर्रास मिळतात आणि त्यांवर ‘रोज एक किंवा दोन’ असे लिहिलेले असते. ३ ग्रॅम गाठायचे तर रोज सहा कॅप्सूल घ्याव्या लागतील आणि बाटली दहा दिवसांत संपेल. त्यावर विक्रेते सांगतात की आमचा अर्क ‘दहास एक’ आहे, म्हणजे ५०० मिलिग्रॅममध्ये ५ ग्रॅम मशरूमचे सत्त्व उतरले आहे. हा हिशेब ऐकायला सोपा असला तरी पटणारा नाही, कारण त्या प्रयोगात अर्क नव्हताच, सबंध मशरूमचे चूर्ण होते. गरम पाण्यात काढलेल्या अर्कात बीटा-ग्लुकन्स ही मशरूमच्या पेशीभित्तीतली कर्बोदके उतरतात, पण हेरिसिनोन्स पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांना अल्कोहोल लागते. पाणी आणि अल्कोहोल अशा दोन्ही पद्धतींनी काढलेला अर्क म्हणूनच अधिक पूर्ण मानला जातो. ‘दहास एक’ या गुणोत्तरावरून किती कच्चा माल वापरला एवढेच कळते. कोणता घटक किती उरला हे त्यावरून कळत नाही.

दुसरे म्हणजे, सगळ्याच लायन्स मेनच्या कॅप्सूलमध्ये मशरूम असतेच असे नाही. काही उत्पादक बुरशी तांदूळ किंवा ओट्ससारख्या धान्यावर वाढवतात आणि मशरूम उगवण्याआधीच धाग्यांसह सगळे धान्य वाळवून दळतात. अशा चूर्णात धान्याचा स्टार्च मोठ्या प्रमाणात असतो आणि बीटा-ग्लुकन्स फळाच्या मानाने पुष्कळ कमी. बाटलीवर मात्र ‘पॉलिसॅकराइड्स ३० टक्के’ असे छापता येते आणि ते खोटेही नसते, कारण पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी आणि स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच. म्हणून पॉलिसॅकराइड्सच्या आकड्यावर न थांबता ‘बीटा-ग्लुकन्स’ हा स्वतंत्र आकडा शोधावा. तैवानच्या प्रयोगातही मायसेलियमच होते हे खरे, पण त्यातील एरिनासिन ए चे प्रमाण मोजून ठरवलेले होते. त्याच्या जोरावर कोणत्याही मायसेलियमची भलामण करता येत नाही.

स्टार्चची परीक्षा घरी करता येते आणि ती प्रत्येकाने एकदा करावी. दोन वेगवेगळ्या बाटल्यांतली एकेक कॅप्सूल उघडून मी चूर्ण स्वतंत्र वाट्यांत पाण्याबरोबर उकळले, थंड होऊ दिले आणि प्रत्येक वाटीत जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. पहिल्या वाटीतले तपकिरी पाणी तसेच, थोडे गडद तपकिरी राहिले. दुसऱ्या वाटीत थेंब पडल्याबरोबर शाईसारखे काळे-निळे ढग पसरले आणि चमच्याने ढवळल्यावर सबंध वाटी काळी झाली. दुसऱ्या बाटलीचे चूर्ण आधीच फिकट, पिठूळ आणि चवीला किंचित गोडसर होते. पहिल्याला मशरूमचा उग्र वास आणि मागाहून येणारा कडवटपणा होता. दोन्ही बाटल्यांच्या किमतीत फारसा फरक नव्हता. रंग काळा झाला तर स्टार्च नक्की आहे. तपकिरी राहिला म्हणजे अर्क उत्तम आहे असे मात्र सिद्ध होत नाही, कारण भर म्हणून घातलेले माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेले चूर्ण, या परीक्षेत सहसा सापडत नाही.

स्टार्च नसलेली बाटली मी पूर्ण मात्रेत, म्हणजे खिसा बराच हलका करून, दोन महिन्यांहून अधिक घेतली. पोटाला त्रास झाला नाही. मन थोडे शांत आणि उत्साही वाटले, पण ते लायन्स मेनमुळे की त्या काळात कामाचा ताण कमी होता म्हणून, हे मला वेगळे करता आले नाही. अभंगांच्या बाबतीत ब्राह्मीने दिसलेला फरक येथे दिसला नाही आणि मुद्रितशोधनातही नाही. पन्नाशीच्या आतल्या निरोगी माणसाला यातून काय मिळावे याबद्दल प्रयोगच मुळात अंधूक असल्याने मला याचे नवल वाटले नाही.

रेशी आणि कॉर्डिसेप्स ही मशरूम चीनच्या परंपरेत मानाची आहेत आणि हिमालयात, उत्तराखंडच्या पिथोरागड व चमोली भागांत, उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर गोळा केली जाणारी कीडाजडी म्हणजे कॉर्डिसेप्सचाच जंगली भाईबंद. कॅप्सूलमध्ये मात्र सहसा प्रयोगशाळेत वाढवलेले कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस असते. स्मरणशक्तीसाठी ही दोन्ही घ्यावीत असे सांगण्यासारखे मानवी प्रयोग नाहीत. त्यांचा उपयोग इतर कारणांसाठी सांगितला जातो. तरीही ‘पाच मशरूम, तीन वनस्पती’ अशी मिश्रणे एकाग्रतेच्या नावाने विकली जातात आणि त्यांवर सर्वांची मिळून एकच मात्रा दिलेली असते. ५०० मिलिग्रॅममध्ये आठ घटक विभागले तर एकाच्याही वाट्याला प्रयोगातली मात्रा येत नाही, हे साधे भागाकाराचे गणित आहे. मशरूम घातलेल्या कॉफीच्या पुड्यांनाही तेच लागू होते. त्यातून येणारी तरतरी कॅफीनची असते. असली मिश्रणे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्याकडे सध्या चालू आहे ती ब्राह्मीच्या प्रमाणित अर्काची गोळी, दुपारच्या जेवणानंतर, रोज ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. तीन महिने घेऊन मग खंड देते. महिन्याचा खर्च दोन-तीनशे रुपयांच्या आत राहतो. पूर्ण मात्रेत लायन्स मेन घ्यायचे तर महिन्याला तीन बाटल्या लागतात आणि हिशेब काही हजारांवर जातो. साठीच्या पुढच्या आणि विसरभोळेपणा नुकताच जाणवू लागलेल्या व्यक्तीने, खर्च झेपत असेल तर आणि डॉक्टरांनी विस्मरणाची इतर कारणे, म्हणजे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा चालू औषधांचे परिणाम, तपासून झाल्यावर, फळापासून बनवलेले आणि बीटा-ग्लुकन्सचा आकडा दिलेले लायन्स मेन चार महिने घेऊन पाहण्यास माझी हरकत नाही. ही तपासणी आधी, अर्क नंतर. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी आढळते की पुष्कळदा उत्तर तिथेच मिळते. रक्त पातळ करणारी, फिट्सची, थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असलेल्यांनी यांपैकी कोणतीही बाटली डॉक्टरांना दाखवूनच उघडावी आणि शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर सगळे अर्क चालू असल्याचे आधी सांगावे. लायन्स मेन ताजे मिळाले तर मी ते तुपावर परतून, मीठ-मिरी घालून भाजी म्हणून आनंदाने खाते; त्यासाठी मोजलेले पैसे मला कधी जड वाटले नाहीत.